कॉलेजच्या कला मंडळात राखीव जागा ठेवणं न्याय्य आहे का?

प्रश्न नाशिकमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा आहे. ती कॉलेजच्या कला मंडळाची सचिव आहे. मंडळ दरवर्षी ऑडिशन घेऊन 25 नवे सदस्य निवडतं. यंदा सभेत ठराव आला की यातल्या 10 जागा मुली, आदिवासी भागातले विद्यार्थी, अल्पसंख्याक आणि मराठी माध्यमातून आलेले यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. ती विचारते, "मी आरक्षणाच्या विरोधात नाही. पण कला मंडळ म्हणजे शेवटी मित्रांचा ग्रुप. मैत्रीत कोटा असतो का? आणि चांगली ऑडिशन दिलेल्या मुलाला 'तुझे गुण जास्त होते, पण जागा राखीव होती' हे मी कोणत्या तोंडानं सांगू?"

मी नाशिकमध्ये मराठी शिकवलं आणि नोकरीचा बराच काळ सांस्कृतिक विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि विद्यार्थी विकास अधिकाऱ्याचं काम बघितलं. ऑडिशनच्या टेबलामागे भरपूर बसलो आहे. त्यामुळे आधी थेट उत्तर देतो: अशा जागा न्याय्य आहेत, पण तुमचा ठराव आज ज्या शब्दांत आहे त्या शब्दांत मंजूर करू नका.

मैत्रीत कोटा नसतो, इथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. कॉलेज रोडवर संध्याकाळी कुणी कुणाबरोबर चहा प्यावा, रविवारी हरिहरला जाताना कुणाला बरोबर घ्यावं, यात प्राचार्यांनी किंवा कुठल्या समितीनं तोंड घालू नये. पाच मैत्रिणी अंजनेरीला निघाल्या असताना "तुमच्यात अमक्या समाजाची कुणी का नाही" असं विचारणं आगाऊपणाचं आहे, आणि त्यातून निष्पन्नही काही होत नाही. जबरदस्तीनं शेजारी बसवलेली मुलं मधली सुट्टी झाली की उठून आपापल्या घोळक्यात जातात.

पण कला मंडळ म्हणजे असा घोळका नव्हे. तीन गोष्टी तपासून बघा. पैसा कुणाचा? मंडळाचे कपडे, मेकअप, स्पर्धेचं प्रवेशशुल्क, बसभाडं हे सगळं विद्यार्थ्यांच्या फीमधून जमलेल्या निधीतून जातं. ती फी सुरगाण्याहून आलेल्या मुलाच्या खात्यावरही लागते आणि गंगापूर रोडला राहणाऱ्या मुलाच्याही. नाव कुणाचं? स्टेजवर घोषणा होते ती कॉलेजच्या नावानं. आणि फायदा कुणाला? हजेरीत सवलत, प्रमाणपत्र, शिक्षकांशी ओळख, मुलाखतीत सांगायला चार गोष्टी. आता तर नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम यांना श्रेयांक मिळतात, म्हणजे मंडळातली जागा थेट गुणपत्रिकेशी जोडली गेली. जी गोष्ट सगळ्यांच्या पैशातून चालते आणि जिचा फायदा मोजक्यांना मिळतो, तिच्या दारात कोण उभा राहतो आणि कोण आत जातो, हा प्रश्न सार्वजनिकच आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. प्रवेश आणि नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला संविधानाच्या कलम 15 आणि 16 चा आधार आहे, त्याचे नियम ठरलेले आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये विद्यार्थी परिषदेत एक महिला प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती व इतर मागासवर्ग यांच्यातून आळीपाळीनं एक प्रतिनिधी अशी तरतूद आहे. तुमचं कला मंडळ म्हणजे विद्यार्थी परिषद नव्हे, त्यामुळे ती तरतूद तुम्हाला बांधत नाही. पण विद्यार्थ्यांच्या संस्थेत राखीव जागा ही कल्पना कुणी काल-परवा काढलेली नाही, एवढं सभेत सांगता येईल.

आता तुमचा खरा अडसर: "तुझे गुण जास्त होते."

ऑडिशनचा कागद डोळ्यांसमोर आणा. समजा 90 मुलं आली. प्रत्येकाला तीन मिनिटं. तीन परीक्षक, वाचिक (आवाज आणि उच्चार), आंगिक (हालचाली), उत्स्फूर्तता असे रकाने. सकाळी दहाला सुरू झालेलं काम चारपर्यंत चालतं. वरची सहा-सात मुलं पहिल्या मिनिटात कळतात, त्यांच्याबद्दल तिन्ही परीक्षकांचं एकमत असतं. तळाच्या वीसेक मुलांबद्दलही असतं. मधली जी साठ आहेत, त्यांच्यात खरी मारामारी असते, आणि तिथं अठराव्या आणि पस्तिसाव्या क्रमांकात दीड-दोन गुणांचा फरक पडतो. त्याच मुलाला जेवणाआधी बोलावलं असतं तर एक गुण वाढला असता. एका परीक्षकाचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता. बेरजा करून क्रमवार यादी लावली की ती फार पक्की वाटते, पण मधल्या पट्ट्यात ती पक्की नसते. ज्यानं असे कागद भरले आहेत त्याला हे ठाऊक आहे. म्हणून पंचविसाव्या क्रमांकाच्या मुलाला "तू सरस होतास" असं सांगण्याइतकं त्या कागदाला काही कळलेलंच नसतं.

शिवाय तो कागद मोजतो काय? बऱ्याच अंशी, मुलाला आधी काय मिळालं आहे ते. ज्या घरातून लहानपणी परशुराम साईखेडकर नाट्यगृहात बालनाट्याला नेलं, सुट्टीत शिबिराला घातलं, शाळेत स्नेहसंमेलनात उभं केलं, ते मूल तीन मिनिटांत आत्मविश्वासानं उभं राहतं. पेठमधल्या आश्रमशाळेतून आलेलं मूल तितक्याच ताकदीचं असलं तरी पहिली दोन मिनिटं आवाज सापडण्यात घालवतं. मंडळाचं काम शिकवण्याचं आहे. तुम्ही त्यांना नऊ महिने तालीम देणार आहात. मग तीन मिनिटांत तयार दिसणाऱ्यालाच का निवडायचं?

एक ऑडिशन सांगतो. कळवण तालुक्यातली एक मुलगी उतारा वाचत होती. वाचन समजून-उमजून, विराम नेमके. पण "पाणी"चं "पानी" झालं, "कोण"चं "कोन". वाचिकाच्या रकान्यात तिचे गुण कापले गेले, शेरा पडला "उच्चार अशुद्ध". तिच्यानंतर तीन-चार नंबर सोडून एक शहरी मुलगी आली आणि तिनं शेतमजूर बाईचा प्रवेश केला. तिनं ठरवून "पानी" म्हटलं, हेल काढले, कमरेवर हात ठेवले. तिला त्याच रकान्यात भरघोस गुण मिळाले आणि शेरा होता "बोलीवर उत्तम पकड". दोन्ही कागद एकाच टेबलावर, एकाच हातातले. परीक्षक माणूस म्हणून चांगले होते, कुणाचंही वाईट चिंतणारे नव्हते. पण रकानाच असा आखलेला होता की अस्सल बोलणाऱ्या मुलीचं नुकसान व्हावं. जागा राखीव ठेवण्यामागचं माझं पहिलं कारण हेच आहे. वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकणारा काटा आपण "गुणवत्ता" म्हणून वापरतो. तो सरळ करायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत येणाऱ्या प्रत्येक तुकडीला थांबा म्हणणं अन्यायाचं आहे.

तरीही तुमचा ठराव मला जसाच्या तसा नको आहे. कारण त्याच्या पहिल्याच वाक्यात लिहिलं आहे, "मंडळात विविधता यावी म्हणून." हे कारण मला चुकीचं वाटतं, आणि कारण चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

विविधतेची भाषा आपल्याकडे अमेरिकेतून आली, आणि तिथं तिला एक विशिष्ट इतिहास आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात 100 पैकी 16 जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. 1978 साली ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असा ठरीव कोटा रद्द केला, पण वर्गात निरनिराळ्या पार्श्वभूमीची मुलं असणं सगळ्यांच्या शिक्षणाला उपकारक आहे, म्हणून वंशाचा विचार एक घटक म्हणून करायला मुभा ठेवली. 2023 साली हार्वर्डविषयीच्या निकालात ती मुभाही जवळपास संपली. म्हणजे तिथं जागेचं समर्थन "इतरांना काय शिकायला मिळेल" यावर उभं राहिलं. आपल्याकडचा पाया निराळा आहे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हा दरबार रंगीबेरंगी दिसावा हा हेतू नव्हता. ज्यांना वाटा नाकारला गेला त्यांना तो देणं, एवढंच त्याचं कारण होतं. मूल मंडळात येतं ते स्वतःसाठी, आपल्या हक्काचं शिकायला. तुमचा ग्रुप समृद्ध करायला ते आलेलं नसतं.

हा भेद पुस्तकी वाटेल, पण तालमीच्या खोलीत तो रोज दिसतो. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. तिथल्या मंडळानं हौसेनं "सर्वसमावेशक" निवड केली होती. त्यात पेठ तालुक्यातला, कोकणा या आदिवासी समाजातला एक मुलगा होता, संगणकशास्त्र शिकणारा. कार्यक्रमाच्या आधी तो मला हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर भेटला. डोक्याला फेटा गुंडाळलेला, हातात पावरी, म्हणजे फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य. म्हणाला, "सर, मला वाजवता येत नाही. गावाकडे माझे मामा वाजवतात. मी फक्त धरून उभा राहणार आहे, आवाज रेकॉर्डचा आहे." त्याला शिकायचे होते लाइट्स. तालमीच्या वेळी तो डिमरच्या बोर्डाजवळ जमिनीवर बसून क्यूचा कागद वाचत असायचा, कुठल्या वाक्याला कुठला दिवा जातो ते बघायचा. बोर्डावर मात्र त्याला कुणी हात लावू दिला नाही, कारण तिथं सीनियर्सची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली माणसं होती. त्याचा पावरीवाला फोटो कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत छापून आला. पुढच्या वर्षी त्यानं मंडळाचा अर्ज भरला नाही.

त्याला जागा मिळाली होती, आकड्यात तो मोजला गेला होता, आणि तरी त्याच्यावर अन्यायच झाला. मालेगावहून आलेल्या मुस्लिम मुलाला दरवेळी कव्वालीच देणं, मुलींना दरवेळी कॉस्च्यूम आणि रांगोळी देणं, हे याच जातीचं आहे. बोहाड्याची मुखवट्यांची सोंगं, तारपा आणि पावरीचं वादन ही मोठी कला आहे, ज्याला ती सादर करायची त्यानं जरूर करावी, पण त्याची स्वतःची इच्छा हवी. राखीव जागेवर आलेल्या मुलाला वकिलाची भूमिका, दिग्दर्शन, ध्वनी, लाइट्स मागण्याचा तितकाच हक्क आहे.

नाशिकमध्ये बसून हे बोलताना काळाराम मंदिराची आठवण टाळता येत नाही. 2 मार्च 1930 रोजी सुरू झालेला तो सत्याग्रह डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या अथक मेहनतीवर कित्येक वर्षं चालला. मार्च 1934 मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना जे पत्र लिहिलं, त्यात त्यांनी स्पष्ट केलं होतं की मंदिरप्रवेशानं आपले लोक समान होतील अशा समजुतीतून ही चळवळ उभी केली नव्हती, लोकांमध्ये चेतना यावी आणि आपल्या स्थितीची जाणीव व्हावी यासाठी ती होती. आता शक्ती शिक्षणावर आणि राजकारणावर लावावी असा त्या पत्राचा रोख आहे. दारातून आत जाणं आणि आत बरोबरीनं असणं या दोन वेगळ्या लढाया आहेत, हे त्यांनी नाशिकच्याच लढ्यातून सांगितलं. तुमच्या ठरावात पहिल्या लढाईचा उल्लेख आहे, दुसरीचा एकही शब्द नाही.

म्हणून ठरावात काय बदलायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी निर्णयाच्या जागा. नाटक कुठलं करायचं, भूमिका कुणाला, पैसे कशावर, हे ठरवणारी तुमची समिती सात-आठ जणांची असेल. तिथं किमान तीन जण असे हवेत जे आजवर त्या खोलीत नसायचे. पंचायतींचा अनुभव याला पुष्टी देतो. 73 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रानं पुढे त्या 50 टक्के केल्या. पश्चिम बंगालमधल्या पंचायतींचा जो अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की जिथं सरपंचपद महिलांसाठी लागोपाठ दोनदा राखीव झालं, तिथं पुढे खुल्या जागांवरही महिला जास्त उभ्या राहिल्या आणि जास्त निवडून आल्या. एका फेरीत हे घडलं नाही. लोकांनी बाईला निर्णय घेताना पुरेसा काळ पाहावं लागलं. तुमच्या मंडळातही समितीतल्या राखीव जागा एकाच वर्षानंतर मोडीत काढू नका.

दुसरं, 10 जागांचे चार तुकडे करू नका. तुकडे केले की प्रत्येक गटाचा एखाददुसराच येतो, आणि एकट्या मुलाची फार कुचंबणा होते. तो चुकला तर त्याचा अख्खा समाज चुकला असं धरलं जातं, तो गप्प बसला तर "यांना इंटरेस्टच नसतो". 1977 मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीतल्या मोजक्या महिलांविषयी हेच लिहिलं होतं: नग म्हणून घेतलेल्या व्यक्तीवर सगळ्यांची नजर असते आणि माणूस म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. शिवाय चार रकाने ठेवले की आयोजकांना शॉर्टकट सुचतो. मराठी माध्यमातून आलेली, मुस्लिम, मुलगी अशी एकच सदस्य घेतली की कागदावर तीन चौकोन भरतात आणि तीन जागा मोकळ्या होतात. हे मी होताना पाहिलं आहे.

मुलींची अट तर राखीव 10 मध्ये घालूच नका. एमपीएससीचा अभ्यास करणारा कुणीही मित्र तुम्हाला समांतर आरक्षण समजावून सांगेल. तीच पद्धत इथं वापरा: संपूर्ण 25 मध्ये मुलींचं प्रमाण किमान कॉलेजमधल्या मुलींच्या प्रमाणाइतकं, आणि राखीव जागांमध्येही तसंच. नाहीतर "मुली" या रकान्यात ऑडिशनला सरावलेल्या, शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुली येतात, "आदिवासी भाग" या रकान्यात फक्त मुलगे येतात, आणि दिंडोरीच्या मुलीसाठी दोन्ही दारं बंद होतात.

तिसरं, निकष. हा मुद्दा नाजूक आहे. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या मंडळानं अर्जावर जात विचारू नये, जातीचा दाखला तर मुळीच मागू नये. ती माहिती कॉलेजच्या कार्यालयात असते, तिला तिथले नियम असतात, ती तुमच्या गूगल फॉर्ममधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागली तर मुलांना चार वर्षं त्याचा त्रास होईल. निकष असे ठेवा जे कुणालाही मान खाली न घालता सांगता येतील: घरातून कॉलेजला आलेली पहिली पिढी, महापालिका हद्दीबाहेरच्या शाळेत दहावी, याआधी कधीही स्टेजवर उभं राहायला मिळालं नाही. यात सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतला खुल्या प्रवर्गातला मुलगाही बसतो, आणि बसायलाच हवा. मात्र यातला एक धोकाही ओळखून ठेवा. "ग्रामीण" म्हणत म्हणत सगळ्या जागा बागायतदार घरांतल्या मुलांना जाऊ शकतात आणि दलित-आदिवासी मुलं पुन्हा बाहेर राहतात. त्यावर उपाय एवढाच की वर्षाअखेर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांनी कार्यालयातल्या माहितीशी तुमची यादी नावं न उघडता ताडून बघावी आणि तुम्हाला फक्त प्रमाण सांगावं. कुठल्या समाजाची मुलं कॉलेजात इतकी आणि मंडळात शून्य, असं दिसलं तर निकष बदला. जातीचा प्रश्न टाळण्यासाठी "ग्रामीण" हा शब्द वापरला जाऊ नये, याची जबाबदारी तुमच्या शिक्षकांवर टाका.

ऑडिशनच्या अर्जावर पूर्ण नावही नको. आडनाव कळलं की बरंच काही कळतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. नंबर द्या, उतारा आदल्या दिवशी द्या, एक प्रवेश स्वतःच्या बोलीत करायची मुभा द्या, आणि "उच्चार" हा रकाना काढून "ऐकणाऱ्याला अर्थ पोचला का" असा ठेवा. मग 25 जागा अशा भरा: एकमतानं वर आलेली सहा-सात मुलं थेट घ्या. ज्यांना परीक्षकांनी किमान पात्र ठरवलं त्या मधल्या पट्ट्यातून आधी राखीव जागा भरा, आणि उरलेल्या जागांसाठी सर्वांसमोर चिठ्ठ्या काढा. चिठ्ठ्यांचं नाव काढलं की मुलं दचकतात, पण मधल्या पट्ट्यात कागदापेक्षा चिठ्ठी जास्त प्रामाणिक असते. त्या पट्ट्यात नेमकं कोण सरस हे आम्हाला ठरवता आलेलं नाही, असं ती उघडपणे सांगते. आणि तिथंच तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग सुटतो. त्या मुलाला "तुझे गुण जास्त होते" असं सांगायची वेळच येत नाही. नियम ऑडिशनच्या आधी फलकावर लावलेला असतो, यादी क्रमवार न लावता नावांच्या अकारविल्हे लावलेली असते, कुणाची जागा कशी आली हे यादीत दिसत नाही. ज्याची निवड झाली नाही त्याला खरं वाईट वाटेल, ते वाटू द्या. त्याला समजावताना दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका आणि "कोट्यामुळे गेलं" हे वाक्य समितीतल्या कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका. ते एकदा निघालं की वर्षभर तालमीच्या खोलीत फिरत राहतं.

भूमिका वाटताना मात्र कोटा नको. स्पर्धेच्या एकांकिकेत मुख्य भूमिका कुणाची, हे दिग्दर्शकानं नाटकाच्या गरजेनुसार ठरवावं. मंडळात येण्याची आणि शिकण्याची संधी राखीव असावी, टाळ्या राखीव असू नयेत. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते राखीव जागेवरच्या मुलांना पुन्हा पुन्हा मागेच ठेवलं जाईल. ती भीती रास्त आहे, पण तिचा इलाज समितीतल्या जागा हा आहे.

मंडळात गट पडतील, असंही सभेत कुणीतरी म्हणेल. यावर एक चांगला प्रयोग झालेला आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या गावांत बाराशेहून अधिक तरुण घेऊन क्रिकेटच्या लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीगटाचे, काही मिसळलेले, आणि कोण कुठल्या संघात हे सोडत काढून ठरवलं. एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. समोरासमोर संघ म्हणून उभे राहिले तिथं परिणाम उलट्या दिशेनं गेला. तेव्हा "आदिवासी नृत्याचा ग्रुप" आणि "वेस्टर्नचा ग्रुप" असे वेगळे संघ करून त्यांच्यात चढाओढ लावू नका. नेपथ्य उचलणारे, संगीतवाले, नट, सगळ्या टोळ्या मिसळा, आणि दर महिन्याला कामं फिरवा. ज्यानं नेपथ्य उचललं त्यानं पुढच्या महिन्यात डिमरच्या बोर्डावर बसावं. मैत्री कोट्यानं होत नाही, हे तुमचं म्हणणं खरंच आहे, पण रात्री एकत्र खिळे ठोकताना ती होते, आणि त्यासाठी दोघं एकाच खोलीत असावे लागतात.

आता वेळेबद्दल, कारण राखीव जागा भरूनही त्या रिकाम्या होतात त्या यामुळेच. तुमच्या तालमी साडेपाच ते साडेआठ असतील. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे रोज ये-जा करणाऱ्याला एसटी गाठायची असते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात दार बंद व्हायची वेळ ठरलेली असते. सिडकोत राहणारी मुलगी घरी नऊला पोचली तर दुसऱ्या दिवसापासून तिची तालीम बंद. ही मुलं दोन आठवड्यांत गळतात आणि मग तुम्हीच म्हणता, "आम्ही घेतलं होतं, तेच आले नाहीत." तालमी दुपारच्या मोकळ्या तासांत आणि शनिवारी दिवसा ठेवा. स्पर्धेआधी उशीर अटळ असेल तर कॉलेजचं पत्र वसतिगृहाच्या गृहपालांना आधी द्या, घरच्यांना शिक्षकांनी फोन करावा, परतीच्या रिक्षाचे पैसे मंडळानं द्यावेत. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, वसतिगृहांबाबतचा अर्ज घेऊन जायला तुम्हाला मुंबई गाठावी लागत नाही. कपडे आणि मेकअपची वर्गणी बंद करा. मी बघितलेल्या गळतीचं सर्वांत मोठं कारण 300-400 रुपयांची अशी वर्गणी हेच होतं, आणि ते कारण मुलं कधीच तोंडानं सांगत नाहीत, "अभ्यास आहे" म्हणतात.

वेळापत्रक लावताना गणपती आणि नवरात्र तुमच्या आपोआप लक्षात राहतात. रमजान, 6 डिसेंबर आणि 14 एप्रिल तितक्या सहज राहत नाहीत. ज्या समितीत वेगवेगळ्या घरांतली मुलं असतात तिथं हे कुणाला आठवण करून द्यावं लागत नाही, म्हणूनच मी आधी समितीच्या जागांचं म्हटलं.

ठराव तीन वर्षांसाठी करा. दरवर्षी दोनच आकडे बघा: राखीव जागांवर आलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी किती टिकले, आणि त्यातले किती समितीत किंवा तांत्रिक कामांच्या प्रमुखपदी पोचले. पहिला आकडा खाली असेल तर वेळ आणि पैसा तपासा, दुसरा खाली असेल तर तुमच्या सीनियर्सशी बोला. तीन वर्षांनी दोन्ही आकडे बाकीच्यांच्या बरोबरीचे झाले तर राखीव जागा कमी करायचा विचार खुशाल करा.

आणि यंदासाठी एक तातडीची गोष्ट. तुम्ही ऑडिशन प्रथम वर्षाचे वर्ग सुरू झाल्यावर लगेच घेत असाल. पण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे त्यानंतर येतात, आणि तालुक्याच्या ठिकाणाहून आलेली कितीतरी मुलं याच वाटेनं अभियांत्रिकीला पोचतात. ती येतात तेव्हा 25 जागा भरलेल्या असतात. यंदा सगळ्या जागा एकदम भरू नका. 18 आता भरा, 7 ठेवा, आणि थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश संपल्यावर त्यांच्या वर्गांत स्वतः जाऊन दुसरी ऑडिशन जाहीर करा. फलकावर नोटीस लावून भागणार नाही, त्या मुलांना तो फलक कुठं असतो हेही अजून माहीत नसतं.